टायरचा एक सेट की दोन?



मुंबईत असताना आपल्या घराघरांत पायताणांचे दोन जोड असायचे. जून उजाडला की चामड्याची चप्पल कागदात गुंडाळून माळ्यावर जायची आणि प्लॅस्टिकचे सँडल बाहेर यायचे. तिश्रीचे सण आले की पुन्हा अदलाबदल. न्यूझीलंडला येऊन राहिलेल्या आपल्या मंडळींना हाच प्रश्न मोटारीच्या बाबतीत पडतो. उन्हाळ्याला एक आणि हिवाळ्याला एक असे टायरचे दोन सेट ठेवावेत, की बारा महिने चालेल असा एकच घ्यावा?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात पैसाही आहे आणि जीवही आहे. एवढी मोठी गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार जागी, आणि प्रत्येक जागा आपल्या तळहाताएवढी! ब्रेक कितीही चांगले असोत, शेवटी गाडी थांबते ती या चार तळहातांच्या जोरावर. म्हणून आम्ही हट खोऱ्यात राहणाऱ्या चार कुटुंबांनी जे विचारून आणि वापरून समजून घेतलं, ते इथे देत आहोत.

टायर किती प्रकारचे?

पहिला साधा, म्हणजे उन्हाळी टायर. त्याचं रबर गरम रस्त्यावर आणि पावसात चांगली पकड घेतं. पण हवा साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली गेली की ते कडक होऊ लागतं, आणि बर्फावर तर त्याचं काही चालत नाही.

दुसरा हिवाळी टायर. त्याचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं आणि त्यावर शेकडो बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फाला धरून ठेवतात. मात्र उबदार, ओल्या रस्त्यावर हाच मऊपणा आड येतो. गाडी थांबायला जास्त अंतर लागतं आणि टायर भराभर झिजतो.

तिसरा ऑल-सीझन, म्हणजे बारमाही. दोघांच्या मधला. थोडी थंडी, थोडा बर्फ, भरपूर पाऊस हे सगळं तो सांभाळतो, पण भर बर्फात खऱ्या हिवाळी टायरची बरोबरी करत नाही. घेताना बाजूला बघावं. नुसतं ‘एम अँड एस’ लिहिलेलं असेल तर ते बनवणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं असतं. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र असेल, तर तो टायर बर्फावरच्या चाचणीत उतरलेला असतो.

इथला हिवाळा एकसारखा नाही

न्यूझीलंडमध्ये हिवाळा जून ते ऑगस्ट. हानुकाच्या दिव्यांच्या वेळी इथे उन्हाळा असतो, हे इस्रायलमधल्या आणि भारतातल्या आपल्या नातवंडांना सांगितलं की ती हसतात! पण कॅलेंडर बघून टायर ठरत नाही. तुम्ही कुठे राहता आणि कोणत्या रस्त्याने जाता यावर ते ठरतं.

ऑकलंडमध्ये जुलैतसुद्धा दुपारी 14-15 अंश असतात. वेलिंग्टनला 11-12. 15 ऑगस्ट 2011 रोजी वेलिंग्टनच्या रस्त्यांवर बर्फ पडला आणि ऑकलंडलाही चार कण दिसले, तेव्हा त्याची केवढी नवलाई झाली! म्हणजे या दोन शहरांत खरा शत्रू बर्फ नव्हे, पाऊस. आपल्याला तो नवीन नाही. अलिबाग-पेणच्या रस्त्यावर पाणी साचलं की गाडी कशी तरंगल्यासारखी होते, ते आठवा.

ख्राइस्टचर्चला रात्री दहिवर गोठतं आणि एखाद्या वर्षी बर्फही पडतो. पण क्वीन्सटाउन, वानाका, मध्य ओटागो हा भाग अगदीच निराळा. ओटागोमधल्या ओफिर गावात जुलै 1995 मध्ये पारा उणे 21.6 अंशांवर गेला होता. तिकडे रस्त्यावर ‘ब्लॅक आइस’ बसतो. तो काचेसारखा पारदर्शक असतो, म्हणून खालचं काळं डांबरच दिसतं आणि रस्ता नुसता ओला आहे असं वाटतं. पूल आणि डोंगराच्या सावलीतली वळणं ही त्याची ठरलेली ठिकाणं. तिथे दुपारी बारा वाजतासुद्धा सांभाळून जावं.

घाटांचंही असंच आहे. वेलिंग्टनहून ऑकलंडला जाताना वायोरू सोडलं की ‘डेझर्ट रोड’ लागतो. त्याची उंची 1,074 मीटर, राज्य महामार्गांतली सर्वांत जास्त. आपला खंडाळा त्याच्यापुढे बराच ठेंगणा. बर्फ पडला की हा रस्ता बंद होतो. दक्षिणेत आर्थर्स पास 920 मीटर, लिंडिस पास 971 मीटर.

जपानहून आलेली गाडी

आता महत्त्वाची गोष्ट. इथे आपल्यापैकी बऱ्याच जणांची पहिली गाडी म्हणजे जपानहून आलेली जुनी गाडी. जपानच्या थंड भागात पूर्वी टायरला लोखंडी खिळे असत. ते रस्ता खरवडत आणि त्याची धूळ लोकांच्या छातीत जाई. म्हणून 1990 मध्ये तिथे कायदा झाला आणि बिनखिळ्यांचे मऊ हिवाळी टायर सर्रास आले. तेच टायर घालून कित्येक गाड्या इथे उतरल्या.

आमच्या ओळखीतल्या एका अंकलना असाच एक सौदा मिळाला. “टायर बघा, नक्षी कशी खोल आहे! हिवाळी आहेत, म्हणजे मजबूत,” असं विकणाऱ्याने सांगितलं. पहिल्याच पावसात उतारावर गाडी थांबता थांबेना. नशिबाने समोर कोणी नव्हतं. आंटी तेव्हापासून म्हणतात, “स्वस्तातली गाडी घ्या, पण आधी तिचे पाय बघा.”

म्हणूनच इथल्या ‘वॉरंट ऑफ फिटनेस’च्या तपासणीत नियम कडक आहेत. साध्या टायरला निदान 1.5 मिलिमीटर खोल नक्षी लागते, तर हिवाळी टायरला 4 मिलिमीटर. आणि हिवाळी टायर लावायचे तर चारही चाकांना. दोन हे आणि दोन ते, असं चालत नाही. पुढची चाकं धरतात, मागची घसरतात आणि गाडी गर्रकन फिरते.

खर्चाचा हिशोब

कोणी म्हणेल, दोन सेट घेतले की प्रत्येक अर्धाच झिजणार, मग तोटा कुठे? रोज लांब जाणाऱ्याला हे खरं आहे. पण आपल्यातले वडीलधारे गाडी चालवतात किती? दुकान, डॉक्टर, शनिवार संध्याकाळी मुलीकडे. एवढ्याशा फिरण्यात टायर झिजण्याआधी म्हातारा होतो! रबर नुसतं पडून राहिलं तरी वर्षांबरोबर कडक होतं. म्हणजे दोन सेट घेऊन एक गॅरेजमध्ये वाळत ठेवायचा, वर्षातून दोनदा बदलण्याची मजुरी द्यायची आणि ते वजन उचलून कंबर धरून बसायचं.

मग काय करावं?

ऑकलंड, हॅमिल्टन, वेलिंग्टनमध्ये राहणाऱ्यांनी पावसात चांगली पकड घेणारा एकच सेट घ्यावा. कायद्याच्या 1.5 मिलिमीटरची वाट पाहू नये. पावसात पकड त्याच्या बरीच आधी कमी होते, म्हणून 3 मिलिमीटर उरले की बदलावा.

ख्राइस्टचर्चला असाल किंवा हिवाळ्यात वरचेवर घाट ओलांडत असाल, तर हिमकणाचं चित्र असलेला बारमाही टायर बरा.

क्वीन्सटाउन, वानाका, मध्य ओटागो इथे राहून रोज पहाटे कामाला निघणाऱ्याने मात्र दोन सेट ठेवावेत. तिथे तो खर्च वायफळ नाही.

आणि वर्षातून एकदा बर्फ बघायला जाणाऱ्यांना चाकांना बांधायच्या साखळ्या पुरतात. त्या विकत किंवा भाड्याने मिळतात. मिलफर्ड साउंडच्या रस्त्यावर मे ते नोव्हेंबरमध्ये पाटी लागली असेल तर साखळ्या डिकीत असाव्याच लागतात, नाहीतर दंड होतो. अंगणात कोरड्या जमिनीवर एकदा बांधून बघा. अंधारात, गार वाऱ्यात, बोटं बधिर झाल्यावर शिकता येत नाही.

मुलांनो, हे तुमच्यासाठी

आजोबांच्या गाडीपाशी जा. गाडी बंद असली पाहिजे, बरं का! टायरच्या बाजूला लहान चौकटीत चार आकडे शोधा. समजा 2319 असेल, तर तो टायर 2019 सालच्या 23व्या आठवड्यात बनला. आता नक्षीच्या खाचेत बोट घाला. तळाशी छोटे उंचवटे लागतील. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली असेल, तर आजोबांना सांगा की टायर संपला. स्टेपनी बघायला विसरू नका. तिच्याकडे कोणीच बघत नाही.

शेवटी एक सांगणं. बर्फामुळे रस्ता बंद आहे असं कळलं, तर कोणताही टायर असो, थांबावं. वायोरूला सैन्याचं मोठं संग्रहालय आहे, शेजारी गरम चहा मिळतो. ऑकलंडच्या लग्नाला एक दिवस उशिरा पोचलेल्या पाहुण्यालाही मलिद्याचं ताट मिळतंच.