गांडूळ बुडत नाही, फरशीवर अडकतं

रात्रभर पाऊस कोसळला की सकाळी सोसायटीच्या फरशीवर आणि डांबराच्या कडेला गांडुळं वळवळताना दिसतात. ‘बिळात पाणी शिरलं, बुडायला लागली, म्हणून जीव घेऊन वर आली,’ असं आपण मुलांना सांगतो. ऐकायला पटतं, पण खरं नाही.

गांडुळाला फुप्फुसं नसतात. ते ओल्या कातडीतून श्वास घेतं आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायूही त्याच कातडीतून घेतं. पेरिये या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने मोठी गांडुळं पाण्यात पूर्ण बुडवून ठेवली, तर ती जवळजवळ चार महिने जगली. खोलीतल्या कोरड्या हवेत ठेवलेली मात्र एका रात्रीत मेली. डार्विनने गांडुळांवरच्या आपल्या १८८१च्या पुस्तकात ही नोंद घेतली आहे.

मग ती वर का येतात? एकच उत्तर सगळ्या जातींना लागू पडत नाही. प्राणवायू हवेत जितका भराभर पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू तो पाण्यात पसरतो. त्यामुळे चिंब भिजलेल्या मातीत तो लवकर कमी पडतो, आणि ज्या जातीची गरज मोठी तिला त्याची झळ आधी लागते. तैवानमधल्या दोन जातींवरचा २००८चा अभ्यास नेमका हाच फरक दाखवतो. जोरदार पावसानंतर रात्री बाहेर पडणारी जात प्राणवायू जास्त वापरत होती, तोही विशेषतः रात्री. कमी वापरणारी जात मातीतच थांबली होती.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एरवी जमिनीवरून सरपटत जाणं म्हणजे वाळून मरणं. मातीतून वाट काढत जायला वेळ आणि ताकद दोन्ही फार लागतात. पावसाळी रात्री तेच अंतर ओल्या पृष्ठभागावरून झटकन कापता येतं. पूर्वी उजाडताना गांडूळ जिथे असेल तिथेच मातीत शिरायचं. आता खाली काँक्रीट असतं, शिरायला जागा नसते, आणि ऊन चढलं की कातडी सुकते. सकाळी दिसणारी मेलेली गांडुळं बहुधा अशी मेलेली असतात. त्यांचा जीव पाण्याने नव्हे, कोरडेपणाने जातो.

फावड्याने गांडूळ तुटलं की त्याची दोन होतात, हाही असाच पक्का बसलेला समज. डोक्याकडचा भाग पुरेसा लांब उरला तर त्याला नवी शेपटी फुटू शकते. शेपटीकडचा तुकडा थोडा वेळ वळवळतो आणि मरतो.

शेतकऱ्यांमधला एक गैरसमज मात्र खर्चिक आहे. गांडूळखताच्या बेडमधली गांडुळं शेतात सोडली की ती जमीन भुसभुशीत करतील, अशी आशा असते. बेडमधली आयसेनिया फेटिडा मूळची युरोपातली, युड्रिलस युजेनी आफ्रिकेतली. दोन्ही कुजणाऱ्या पाल्याच्या आणि शेणाच्या थरात राहणाऱ्या, खोल बिळं न करणाऱ्या. त्यांनी केलेलं खत उत्तम असतं, पण शेत भुसभुशीत करणं हे त्यांचं काम नाही. ते करतात मातीत राहणारी स्थानिक गांडुळं. उन्हाळ्यात ती खोल जातात, अंगाची गुंडाळी करून पडून राहतात आणि पावसाबरोबर जागी होतात. वर पालापाचोळा राहू दिला, नांगरट कमी ठेवली, तर ती टिकतात आणि वाढतात. त्यांच्या जातभाईंचं काम डार्विनने मोजलं होतं. घराजवळच्या कुरणात १८४२ साली त्याने खडूचे तुकडे पसरले होते. २९ वर्षांनी तिथे चर खणला, तेव्हा तो खडू सात इंच खाली सापडला. गांडुळांनी विष्ठेवाटे वर आणलेल्या मातीने तो झाकला गेला होता.

पण गांडूळ म्हणजे सगळीकडे भलंच, असंही नाही. हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या उत्तर अमेरिकेच्या जंगलांत गांडुळं उरलीच नव्हती. माणसांबरोबर युरोपातून पोहोचलेल्या गांडुळांनी तिथला पानांचा जाड थर संपवला आणि त्या थरात रुजणाऱ्या रोपांचा आधार गेला.

आणि पावसाळ्यात मोरीच्या जाळीतून घरात आलेलं ते बारीक, काळपट काय असतं? अंग आखडत-ताणत पुढे सरकत असेल, वळ्या दिसत असतील, तर गांडूळ. तुळतुळीत, खवल्यांचं, नागमोडी पळणारं आणि इवलीशी जीभ काढणारं असेल, तर तो वाळा. वाळा साप असला तरी बिनविषारी असतो. मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या हे त्याचं खाणं. दोघांपैकी कुणापासूनही आपल्याला धोका नाही. तरी पुष्कळ घरांत गांडूळ दिसलं की पहिला हात मिठाच्या बरणीकडे जातो. मीठ त्याच्या कातडीतलं पाणी ओढून घेतं आणि ते तडफडून मरतं. त्याऐवजी ओल्या कागदावर उचलून कुंपणाकडेच्या मातीत ठेवलं, तर दोन मिनिटांत ते आत शिरतं.