थंडीतलं पुणं, फक्त आपल्यासाठी

"पुण्याला निघाले" असं शेजारणीला सांगितलं, की तिचा पुढचा प्रश्न ठरलेला. "काय काम काढलंत?" लग्नाचा बस्ता, मुलाचा प्रवेश, सासऱ्यांचे डोळे! आपलं शहराला जाणं असं नेहमी कुणाच्या तरी कामाला बांधलेलं. नुसतं गाणं ऐकायला आणि चार पदार्थ आयते खायला चालले आहे, हे सांगताना जीभ जरा अडखळतेच, नाही का? या हिवाळ्यात ती अडखळू देऊ नका, मैत्रिणींनो. दोन दिवस काढा आणि सवाई गंधर्व महोत्सवाला जाऊन या.

रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, १९५२ साली गेले. त्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून शिष्य पंडित भीमसेन जोशींनी हा उत्सव वाढवला. भीमसेनजी २०११ मध्ये गेले आणि त्यांचंही नाव महोत्सवाला जोडलं गेलं. डिसेंबरात मुकुंदनगरच्या क्रीडासंकुलात तो भरतो. पूर्वी गाणं रात्रभर रंगायचं. आता ध्वनिवर्धकाच्या नियमांमुळे दुपारी सुरू होऊन रात्री वेळेवर संपतं. जुन्या रसिकांना हळहळ वाटते खरी, पण आपल्यासारख्या परगावच्या बायकांची सोयच झाली!

तुम्ही म्हणाल, "आम्हांला कुठं रागदारी कळते?" अहो, सगळ्यांनाच कळते असं थोडंच आहे! एक सोपी युक्ती सांगते. तबल्याकडे लक्ष ठेवा. ताल फिरत फिरत पुन्हा पहिल्या मात्रेवर येतो, ती सम. तीनतालात सोळा मात्रांनी येते, एकतालात बारा. गाणारी कितीही दूर भटकून आली तरी त्या जागी नेमकी येऊन टेकते आणि साऱ्या मांडवाची मान हलते. दोन-तीनदा ही जागा सापडली की तुमचीही मान आपोआप हलेल. आणि सुरुवातीच्या संथ आलापीला कंटाळू नका. बासुंदी मंद आचेवरच आटते, हे आपल्याला कुणी सांगायला हवं का?

याच गुरूंच्या शिष्या गंगूबाई हनगल. त्या हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला शिकायला जात. घरी मुलं होती, जबाबदाऱ्या होत्या, पैशांची ओढाताण होती. तरी शिकणं सोडलं नाही. लग्नाआधी पेटीवर बसलेल्या आणि लग्नानंतर ती पेटी माळ्यावर टाकलेल्या आपल्यातल्या कितीजणींनी हे मनात घोळवावं असं आहे. सगळ्यांना गंगूबाई व्हायचं नाही. पण ऐकण्याचा हक्क तर आपलाही आहे!

गाणं दुपारी, म्हणजे सकाळ मोकळी. मिसळीने किंवा साबुदाण्याच्या खिचडीने सुरुवात करा. नंतर १८८६ साली सुरू झालेल्या मंडईत एक फेरी मारा. मटार, ओला हरभरा, पावटा, लालबुंद गाजरं, आवळे, बोरं! नुसतं बघा, पिशवी भरू नका. दोन दिवस भाजी निवडायची नाही, हेच तर सुख. जवळच्या तुळशीबागेत मात्र मन आवरायला वेगळाच संयम लागतो, बरं का!

तिथून शुक्रवार पेठेतलं राजा केळकर संग्रहालय लांब नाही. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या राजाच्या नावे ते उभं केलं. तिथे तलवारी थोड्या आणि घर जास्त. दिवे, अडकित्ते, फण्या, वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी. आपल्या आज्या-पणज्यांच्या हातातल्या वस्तू काचेमागे मानाने मांडलेल्या बघून ऊर भरून येतो.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. पुण्यात दुपारी ऊन असतं, पण रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. शाल, पायमोजे आणि कानाला रुमाल हवाच. खुर्चीपेक्षा भारतीय बैठक स्वस्त. त्यासाठी घडीची सतरंजी न्या आणि पाठीला उशी. खाण्याचे स्टॉल आवारात असतात, तरी दशम्या आणि लसणीची चटणी जवळ असू द्या. एका दिवसात सगळं पाहायचा हट्ट नको. थकलेल्या कानांना गाणं लागत नाही. सोबत जाऊ किंवा मैत्रीण असेल तर खोलीचं भाडंही वाटून जातं.

आणि घराचं काय? दोन दिवसांचा स्वयंपाक करून, डब्याडब्यावर चिठ्ठ्या डकवून, दमून गाडीत बसू नका. कुकर लावणं यजमानांना जमतं. नाही जमलं तर शिकतील. भात थोडा करपला तरी कुणी उपाशी राहत नाही, आणि आपण नसताना घर चालतं, हे घरालाही कळतं आणि आपल्यालाही. दर दोन तासांनी फोन करून "जेवलात का?" विचारण्याचा मोह तेवढा टाळा.

तेव्हा कार्यक्रम जाहीर झाला, की आवडीच्या दोन दिवसांची तिकिटं आधी काढा. मग घरी सांगा. परवानगी मागू नका, नुसती तारीख सांगा!