तुरुंग शेजारच्या जिल्ह्यात

दिल्लीतून राष्ट्रीय महामार्ग 9 धरून पूर्वेला निघालं की गाझियाबादची वस्ती विरळ होता होता डासना लागतं. पुढे चादरींचं पिलखुवा, पापडांचं आणि धान्यबाजाराचं हापुड, लष्कराच्या घोड्यांच्या पैदास केंद्राचं बाबूगढ, साखर कारखान्याचं सिंभावली आणि शेवटी गंगाकाठचं गढमुक्तेश्वर. पिलखुव्यापासून गढपर्यंतचा हा पट्टा म्हणजे हापुड जिल्हा. मायावती सरकारनं 28 सप्टेंबर 2011 रोजी तो गाझियाबादमधून वेगळा काढला, नाव ठेवलं पंचशीलनगर. पुढच्याच वर्षी अखिलेश यादव सरकारनं ते पुसून हापुड केलं. जिल्हाधिकारी आले, पोलीस अधीक्षक आले, जिल्हा न्यायालय आलं. तुरुंग मात्र गाझियाबादच्या वाट्याला राहिला. तो डासन्याला आहे, हापुड शहरापासून सुमारे 25 किलोमीटरवर. जिल्हा होऊन दहा वर्षं उलटली तरी हापुडच्या ठाण्यांत पकडलेला माणूस कोठडीसाठी तिथंच जात राहिला.

यात हापुड एकटं नाही. त्याच दिवशी जन्मलेल्या शामलीचे कैदी मुझफ्फरनगरला, संभलचे मुरादाबादला जात राहिले. हाथरसचे त्याआधीपासून अलीगढला. आपल्याकडे 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर फुटलं, तेव्हाही आरोपींच्या गाड्या ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाकडेच धावत राहिल्या. नवा जिल्हा ही राजकारण्यांची आवडती भेट. तिच्यात कचेरीच्या पाटीला अग्रक्रम असतो आणि तुरुंगाचा नंबर नेहमी शेवटी लागतो. तुरुंगासाठी मोर्चा कोण काढणार? खुद्द गाझियाबादही 14 नोव्हेंबर 1976 रोजी मेरठमधून कापलेलं आहे, म्हणजे हा पट्टा दोनदा वाटणीला गेलेला.

अमेरिकेत स्वतःचा तुरुंग नसलेल्या छोट्या काउंटीचा शेरीफ शेजारच्या काउंटीत आरोपी ठेवतो आणि माणशी-दिवशी ठरलेल्या दरानं त्याचं बिल भरतो. तिथं तुरुंग नसण्याची किंमत दरवर्षी अंदाजपत्रकात दिसते. उत्तर प्रदेशात तुरुंग राज्याच्या कारागृह विभागाचे. हापुडला गाझियाबादकडून बिल येत नाही. खर्च होतात ते शिपाई, गाड्यांचं डिझेल आणि दिवस. ते कुठल्याही एका रकान्यात लिहिले जात नाहीत, म्हणून कोणाला बोचतही नाहीत.

तुरुंग नाही म्हणजे कोठडी नाही, असं मात्र नव्हे. प्रत्येक ठाण्यात हवालात असते: गजांचं दार, घोंगडी, कोपऱ्यात शौचाची सोय, बाहेर पहाऱ्यावर शिपाई. आरोपी आत जाण्याआधी जामातलाशी होते. खिशातले पैसे, मोबाइल, पट्टा, कधी बुटाची नाडीसुद्धा काढून नोंदवली जाते. ही नोंद ठेवणारा हेड मोहर्रिर. आपल्या ठाण्यांतल्या ठाणे अंमलदाराचं बरंचसं काम तिकडे त्याच्या टेबलावर असतं. अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला कळवल्याची नोंद, वैद्यकीय तपासणी ही सगळी कागदपत्रं डी. के. बसू खटल्यातल्या 1996 च्या निकालानंतर सक्तीची झाली. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आली आहेत. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात, हवालातीसकट, कॅमेरे लावण्याचा आदेश दिला.

घड्याळ सुरू होतं अटकेपासून. संविधानाचं कलम 22 सांगतं की चोवीस तासांच्या आत आरोपी न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभा राहिला पाहिजे. अटकेच्या जागेपासून न्यायालयापर्यंतच्या प्रवासाचा वेळ त्यात धरायचा नाही. ठाण्यांतली सगळी धावपळ या चोवीस तासांभोवती फिरते. पण अटक कागदावर कधी चढली, हे ठाणंच ठरवतं. 'चौकशीला बसवलाय' ही सोय उत्तरेत आहे तशी आपल्याकडेही आहे, आणि खरी भीती तिथंच. ऑक्टोबर 2019 मध्ये पिलखुव्याच्या हद्दीतल्या एका चौकीत खुनाच्या चौकशीसाठी बोलावलेल्या सुरक्षारक्षकाचा मृत्यू झाला आणि पोलिसांवर गुन्हा नोंदवावा लागला. जवळ तुरुंग असता तर हे टळलं असतं असं म्हणता येणार नाही. मात्र एक खरं: माणूस एकदा न्यायालयीन कोठडीत गेला की तो पोलिसांच्या हातून निघतो. दुसरं खातं, दुसरं रजिस्टर, दुसरा डॉक्टर. ते दुसरं खातं हापुडमध्ये नाही.

कोठडी द्यायची तर न्यायाधीशांपुढे दोनच वाटा असतात. पोलीस कोठडी मिळाली तर आरोपी परत ठाण्याच्या हवालातीत. न्यायालयीन कोठडी मिळाली, आणि बहुतेकांना पहिल्याच दिवशी तीच मिळते, तर वॉरंट तयार होतं आणि गाडी डासन्याकडे निघते. न्यायालयीन कोठडीतला माणूस ठाण्यात ठेवायला कायद्यानं मनाई आहे. रात्र झाली, गाडी नाही, पाऊस आहे, या सबबी चालत नाहीत.

नकाशा पाहिला की या फेऱ्यांचा विचित्रपणा लक्षात येतो. पिलखुवा हे हापुड आणि डासना यांच्या मधोमध. तिथं पकडलेला आरोपी आधी पूर्वेला हापुडच्या न्यायालयात जातो आणि मग उलटा फिरून पिलखुव्यावरूनच डासन्याला. धौलाना ठाण्याची गत तशीच: तुरुंग जवळ, न्यायालय विरुद्ध दिशेला. उलट गढमुक्तेश्वर किंवा बहादूरगढच्या आरोपीला साठेक किलोमीटर अंतर तोडावं लागतं, आणि ते दिवस मावळण्याआधी. तुरुंगात संध्याकाळी मोजणी होऊन बराकी बंद होतात. त्या वेळेनंतर दारात उभा राहिलेला नवा कैदी कोणालाच नको असतो. दारावर वॉरंट तपासतात, नावं-कलमं जुळवतात, अंगावर जखम असेल तर वैद्यकीय कागदात ती आहे का ते पाहतात. नसेल तर तुरुंग हात वर करतो, आणि ते बरोबरच आहे. उद्या तो वळ कोणाच्या खात्यावर मांडायचा? पायात गोळी लागून पकडले गेलेल्यांचा (अशा पकडण्याला तिकडची वर्तमानपत्रं 'हाफ एन्काउंटर' म्हणतात) मुक्काम आधी रुग्णालयात असतो आणि तिथंही पहाऱ्याला माणसं द्यावी लागतात.

हीच माणसं वर्षभर इतरत्रही हवी असतात. श्रावणात कावडयात्रेमुळे महामार्गावरची जड वाहतूक वळवली जाते, कार्तिक पौर्णिमेला गढच्या गंगामेळ्यात लाखोंची गर्दी उसळते, आणि मध्ये निवडणुका येतातच. पोलीस लाइनीतून बंदोबस्ताला गेलेला शिपाई त्याच दिवशी कैद्यांच्या गाडीत बसू शकत नाही. शिपायाला ही ड्यूटी नकोशी का असते हे समजायला फार डोकं लागत नाही. आरोपी सुखरूप पोचला तर कोणी शाबासकी देत नाही, आणि हलगर्जीपणानं निसटला तर निलंबनासोबत गुन्हाही शिपायावरच.

बेड्या घालाव्यात की नाही, हा प्रश्न याच रस्त्यावरचा. त्याचा मोठा निकाल दिल्लीतूनच आला. तिहारमधल्या प्रेमशंकर शुक्ल नावाच्या कच्च्या कैद्यानं, न्यायालयात नेताना बेड्या घालतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाला तार केली. 1980 मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी निकाल दिला की बेडी हा नियम नव्हे, अपवाद आहे. कारण लिहून ठेवावं लागेल आणि न्यायाधीशाची संमती घ्यावी लागेल. तेव्हापासून उत्तर भारतातल्या कुठल्याही कचेरीच्या आवारात एक दृश्य दिसतं: शिपाई आणि आरोपी हातात हात गुंफून चाललेले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेनं खून, बलात्कार, दहशतवाद, संघटित गुन्हेगारी अशा गुन्ह्यांत आणि पळून गेलेल्या किंवा सराईत आरोपींच्या बाबतीत बेडीला पुन्हा वाट करून दिली आहे. त्याबद्दल मला आनंद नाही, पण साठ किलोमीटर हात धरून बसलेल्या शिपायाला विचारलं तर तो वेगळं सांगेल.

धोका पळून जाण्याचाच असतो असंही नाही. 16 ऑगस्ट 2022 रोजी हापुड न्यायालयाच्या दाराशी एका आरोपीवर गोळ्या झाडून त्याला ठार करण्यात आलं. त्याला हरियाणाच्या पोलिसांनी फरीदाबादच्या तुरुंगातून तारखेसाठी आणलं होतं. सोबतचा एक पोलीसही जखमी झाला. दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात सप्टेंबर 2021 मध्ये वकिलांच्या वेषात आलेल्यांनी गुंड जितेंद्र गोगीला न्यायदालनातच मारलं होतं. कैद्याला तारीख असते, वेळ असते, ठिकाण असतं. शत्रूला याहून जास्त माहिती लागत नाही. तुरुंग लांब असला की यात रस्त्याची भर पडते.

म्हणून दूरदृश्य प्रणाली आली तेव्हा तिचं पहिलं स्वागत न्यायाधीशांपेक्षा पोलिसांनी केलं असेल. कोठडी वाढवण्यासाठी कैद्याला पडद्यावरून हजर करण्याची मुभा दंडप्रक्रिया संहितेत 2009 च्या शेवटी लागू झाली. दर चौदा दिवसांची फेरी त्यामुळे बरीच कमी झाली. पण पोलीस कोठडीसाठी आरोपी प्रत्यक्षच उभा करावा लागतो. नव्या संहितेनं आणखी एक गाठ मारली: पोलीस कोठडीचे पंधरा दिवस पूर्वी सुरुवातीच्या पंधरवड्यातच संपवावे लागत, आता गुन्ह्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येतात. म्हणजे तुरुंगात पोचलेला माणूस पुन्हा ठाण्यात, पुन्हा तुरुंगात. ज्या ठाण्याच्या जिल्ह्यात तुरुंग आहे, त्याला हा अर्ध्या तासाचा मामला. गढच्या ठाण्याला दर वेळी अख्खा दिवस.

डासन्याच्या आतली परिस्थिती वेगळी सांगायला नको. क्षमता 1,704 ची. 2022 मध्ये तिथं साडेपाच हजारांच्या आसपास कैदी होते. आरुषी खटल्यात तलवार दांपत्य इथंच होतं आणि ऑक्टोबर 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं निर्दोष ठरवल्यावर इथूनच बाहेर पडलं, म्हणून हे नाव मराठी वाचकालाही ठाऊक असेल. गर्दीचं एक सरळ कारण असं की एका तुरुंगात दोन जिल्हे राहतात. दुसरं देशभराचं: 2022 च्या अखेरीस भारतातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे होते. म्हणजे ज्यांचा निकाल लागलेला नाही, ज्यांना पुन्हापुन्हा न्यायालयात न्यावं-आणावं लागतं, तेच सर्वाधिक.

आत जाण्याच्या वाटेवर निदान कायद्याचं लक्ष असतं. बाहेर येण्याची वाट कागदांवर अडते. 2021 मध्ये आग्र्याच्या तुरुंगातले काही कैदी सर्वोच्च न्यायालयाच्या जामिनानंतरही सुटले नाहीत, तेव्हा सरन्यायाधीश रमणा यांनी आदेश अजून कबुतरांनी पोचतात का, अशा अर्थाचा टोला मारला आणि आदेश थेट तुरुंगांना पाठवणारी 'फास्टर' ही यंत्रणा 31 मार्च 2022 रोजी सुरू झाली. तरी 2025 मध्ये गाझियाबादच्याच तुरुंगात एकाला सर्वोच्च न्यायालयानं 29 एप्रिलला जामीन दिला, 27 मेला सुटकेचा आदेश निघाला आणि माणूस बाहेर आला 24 जूनला. कारण काय, तर आदेशात एका कलमाचं पोटकलम लिहायचं राहिलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं राज्य सरकारला 5 लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

हापुडच्या कैद्याच्या सुटकेचा परवानाही जिल्ह्याची हद्द ओलांडूनच डासन्याला पोचावा लागतो. मुलाखतीला येणारे घरचेही तीच हद्द ओलांडतात. सकाळच्या रांगेत नंबर लागायचा तर गढच्या माणसाला पहाटे निघावं लागतं आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. राज्य सरकारनं तुरुंग नसलेल्या जिल्ह्यांत नवे तुरुंग बांधायचं ठरवलं, त्यांत हापुडचंही नाव आहे. जागा, मोजणी, निधी या पायऱ्या सरकारी गतीनंच चढल्या जाणार. तोवर न्यायची जबाबदारी पोलिसांची आणि परत यायची ज्याची त्याची: सरकारी गाडीतून डासन्याला गेलेला माणूस जामीन मिळाल्यावर फाटकाबाहेर महामार्गावर येतो आणि हापुडची बस शोधतो.