कण्हेरखेडचे शिंदे, विशाखापट्टणमचे सिंधिया

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात कण्हेरखेड नावाचे गाव आहे. ग्वाल्हेरचे राजघराणे मूळचे इथले. गावची पाटीलकी शिंद्यांकडे होती. त्याच घरातला राणोजी बाजीराव पेशव्यांच्या फौजेत चढत गेला आणि माळव्यात चौथाईची वसुली सुरू झाली तेव्हा त्याच्या वाट्याला उज्जैन आले. शेजारी इंदूरला मल्हारराव होळकर होते. होळकरांनी आपले होळ गाव आडनावातच बरोबर नेले. शिंद्यांच्या आडनावात मात्र कण्हेरखेडची खूण नाही, त्यामुळे तालुक्याबाहेर हा धागा फारसा कुणाला ठाऊक नसतो.

या स्थलांतराची किंमत भारी होती. राणोजीचा मुलगा जयाप्पा १७५५ मध्ये नागौरला मारला गेला. जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर जयाप्पाचा भाऊ दत्ताजी पडला आणि पुढच्याच वर्षी पानिपताने आणखी एक भाऊ तुकोजी आणि जयाप्पाचा मुलगा जनकोजी यांना नेले. पायाला जखम घेऊन राणोजीचा मुलगा महादजी तेवढा वाचला. पुढे दिल्लीच्या बादशहाचा कारभार हाती आल्यावरही तो स्वतःला पाटील म्हणवत असे.

नावाचे रूप बदलले ते इंग्रजांच्या दप्तरात. डिसेंबर १८०३ मध्ये महादजीचा वारस दौलतराव याने इंग्रजांशी सुर्जी-अंजनगावचा तह केला. इंग्रज अधिकाऱ्यांनी कानाला जसे वाटले तसे शिंदे हे नाव लिहिले आणि त्यातून ‘सिंधिया’ रूढ झाले. संस्थान इंग्रजांच्या छत्राखाली टिकले, म्हणून पत्रव्यवहारातले ते रूपही टिकले, हिंदीतही तेच बसले. पुण्यात वानवडीला महादजीची समाधी ‘शिंद्यांची छत्री’च राहिली, तर काशीच्या घाटाला आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या शाळेला सिंधिया म्हणतात.

अर्थात आडनाव एक म्हणून मूळ एक असे नाही. जमखंडीत जन्मलेले विठ्ठल रामजी शिंदे आणि १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना कण्हेरखेडशी जोडण्याची घाई करू नये. हे आडनाव अनेक जातींत आहे.

पण ‘सिंधिया’ हे रूप आणखी लांब गेले, तेही रक्ताच्या नात्याशिवाय. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांनी एक जुने प्रवासी जहाज विकत घेऊन त्याचे रुग्णालय केले होते, नाव ‘लॉयल्टी’. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि सहकाऱ्यांनी ते घेतले, कंपनीचे नाव ठेवले सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या समुद्रात हे मोठे धाडस होते, आणि राष्ट्रीय सागरी दिन आजही त्याच तारखेला पाळला जातो. १९४१ मध्ये कंपनीने विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना उभारायला घेतला. तिथे बांधलेले ‘जलउषा’ १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. पुढे कारखाना सरकारकडे गेला, त्याचे हिंदुस्थान शिपयार्ड झाले. त्याच्या आसपासच्या वस्तीला मात्र तेलुगू माणसे अजूनही ‘सिंधिया’ म्हणतात.