डिश बसवण्याआधी छपराकडे बघा

न्यू जर्सीत नवं घर घेतलंत? मग डिशवाल्याला बोलावण्याआधी एक साधा अँटेना लावून बघा. अमेरिकेत मोठ्या केंद्रांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी बंद झालं. आता एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स हवेतून एचडीत येतात, तेही फुकट. चित्र बऱ्याचदा डिशपेक्षा स्वच्छ दिसतं, कारण उपग्रहावर शेकडो वाहिन्या बसवायला प्रत्येकीचा डेटा जास्त दाबावा लागतो.

‘एचडी अँटेना’ अशी वेगळी जात नसते, ती दुकानदारांची हुशारी! व्हीएचएफ आणि यूएचएफ दोन्ही पकडणारा जुना अँटेनाही चालतो, फक्त त्याचं तोंड मनोऱ्याकडे हवं. एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की कुठलं केंद्र कोणत्या दिशेने, किती जोरात येतं ते कळतं. मध्ये टेकडी असेल तर मात्र हट्ट सोडा.

डिशला दक्षिणेचं मोकळं आकाश लागतं. झाड आडवं आलं किंवा धो धो पाऊस लागला की चित्र गोठतं. पण केबलवरच्या क्रीडावाहिन्या हव्या असतील तर अँटेना काही कामाचा नाही.

सोसायटीने हरकत घेतली तर? स्वतःच्या ताब्यातल्या बाल्कनीत टीव्ही अँटेना किंवा एक मीटरपर्यंतची डिश लावायला एफसीसीच्या नियमाप्रमाणे सोसायटीला सहसा अडवता येत नाही.