सत्रारंभीची भाषापरीक्षा : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचा एक प्रश्न

१

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शैक्षणिक वर्षाचे पहिले सत्र ऑगस्टच्या उत्तरार्धात व दुसरे जानेवारीत सुरू होते. सत्राची लांबी सामान्यतः पंधरा-सोळा आठवड्यांची असते. आरंभीच्या दिवसांत तेथील कम्युनिटी कॉलेजांमध्ये नावनोंदणीसाठी जो समुदाय जमतो, त्याची घडण नामांकित विद्यापीठांतील विद्यार्थिवर्गाहून पुष्कळच निराळी असते. हायस्कूल नुकतेच संपविलेली मुले त्यात असतातच. परंतु त्यांच्याच शेजारी दिवसा दुकानात काम करून सायंकाळच्या वर्गास येणारा तरुण, मुले मोठी झाल्यावर पुन्हा शिक्षणाकडे वळलेली चाळिशीतील स्त्री, आणि परदेशातून येऊन स्थायिक झालेला, घरी इंग्रजी न बोलणारा कामगार, असे सारे एकाच खिडकीपुढे उभे असतात. त्यांपैकी कोणासही प्रवेश नाकारावयाचा नाही, हे या संस्थांचे मूळ तत्त्व होय. त्यालाच तेथे ‘खुल्या द्वाराचे’ तत्त्व म्हणतात.

या तत्त्वाचा इतिहास थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. इलिनॉय संस्थानातील जोलिएट येथे १९०१ साली स्थापन झालेले ज्यूनियर कॉलेज हे आज चालू असलेल्या सार्वजनिक संस्थांपैकी सर्वांत जुने मानले जाते. महाराष्ट्रात ज्यूनियर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावीचे वर्ग. अमेरिकेत मात्र या संज्ञेने चार वर्षांच्या पदवीपैकी पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण देणारी संस्था अभिप्रेत असे. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या १९४७ सालच्या अहवालाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले आणि अशा संस्थांचे जाळे देशभर पसरावे अशी शिफारस केली. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाची जी योजना आखली, तीत हायस्कूल संपविणाऱ्यांपैकी वरचा एक-अष्टमांश विद्यापीठाकडे, वरचा एक-तृतीयांश राज्य महाविद्यालयांकडे, आणि शिक्षणाचा लाभ घेऊ शकेल असा कोणीही ज्यूनियर कॉलेजाकडे, अशी विभागणी ठरली. आज देशात अशी सुमारे एक हजार कॉलेजे असून त्यांपैकी ११६ एकट्या कॅलिफोर्नियात आहेत. दोन वर्षांच्या पदवीसाठी साधारणपणे ६० श्रेयांक मिळवावे लागतात. ते मिळविल्यावर विद्यार्थ्यास चार वर्षांच्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षी जाण्याचा मार्ग मोकळा होतो, निदान तशी अपेक्षा असते.

२

द्वार खुले असले तरी आत गेल्यावर पहिली गाठ पडते ती एका अपरिचित भाषेशी. ‘सेमिस्टर’ हा शब्द मूळ लॅटिनमधील ‘सहा महिन्यांचा’ या अर्थाच्या विशेषणापासून आलेला आहे. प्रत्यक्ष अध्यापन चार महिन्यांहूनही कमी काळ चालते. पहिल्या तासाला हाती पडणाऱ्या ‘सिलॅबस’ची कथा अधिक उद्बोधक आहे. ग्रंथाच्या गुंडाळीवर लावावयाच्या चर्मपत्राच्या नामपट्टीला ग्रीकमध्ये एक शब्द होता; सिसेरोच्या पत्रांच्या पंधराव्या शतकातील मुद्रित प्रतींत तो चुकीचा वाचला गेला, आणि त्या अपपाठातून आजचा हा प्रतिष्ठित शब्द जन्मास आला. एका चुकीला काळाने प्रमाणत्व दिले, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

घरातील पहिलीच पिढी महाविद्यालयात येते तेव्हा अशा शब्दांचा अर्थ सांगणारे घरी कोणी नसते. प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखून ठेवलेल्या वेळेस ‘ऑफिस अवर्स’ म्हणतात. नवख्या विद्यार्थ्याला त्या शब्दांवरून हा प्राध्यापकाच्या कामाचा, म्हणजे त्यांना त्रास न देण्याचा, वेळ वाटू शकतो. असे गैरसमज यथावकाश दूर होतात. तथापि सत्रारंभी एक भाषिक प्रसंग असा होता की, त्याचा परिणाम पुसून काढणे कठीण जाई. तो प्रसंग म्हणजे वर्गनिश्चितीची परीक्षा.

ही परीक्षा प्रवेशासाठी नव्हती. प्रवेश तर मिळालेलाच असे. विद्यार्थ्याने इंग्रजीच्या व गणिताच्या कोणत्या वर्गात बसावे हे तीवरून ठरे. ‘ॲक्युप्लेसर’ व ‘कंपास’ या दोन संगणकीय परीक्षा विशेष प्रचारात होत्या. उत्तर बरोबर आल्यास पुढचा प्रश्न अवघड, चुकल्यास सोपा, अशी त्यांची रचना असे. इंग्रजीच्या भागात वाक्यातील दोष ओळखणे, योग्य पर्याय निवडणे, उतारा वाचून उत्तरे देणे असे प्रश्न असत. अनेक विद्यार्थी नावनोंदणीच्या धांदलीत, कोणतीही उजळणी न करता परीक्षेस बसत. ठरीव गुणांपेक्षा कमी गुण पडले की त्यांची रवानगी पूर्वतयारीच्या वर्गात होई. काही कॉलेजांत अशा वर्गांच्या एकाखाली एक तीन-चार पायऱ्या असत. तेथील श्रेयांक पदवीसाठी धरले जात नसत. शुल्क मात्र भरावे लागे, आणि सरकारी अर्थसाहाय्यही खर्ची पडे.

३

या परीक्षेने नेमके काय मोजले जाई, हा भाषाशास्त्राचा प्रश्न आहे. विद्यार्थ्याची विचार करण्याची, वाचलेले समजून घेण्याची किंवा कष्ट करण्याची शक्ती तीत फारशी उमटत नसे. विद्यार्थ्याची भाषा लिखित इंग्रजीच्या एका विशिष्ट रूपाच्या किती जवळ आहे, हे मात्र ती दाखवी. ज्याच्या घरी हेच रूप बोलले जाते त्याला ते अंतर चालावेच लागत नाही.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. अमेरिकेतील अनेक कृष्णवर्णीयांच्या बोलीत ‘शी बी वर्किंग’ आणि ‘शी वर्किंग’ अशी दोन वाक्ये आढळतात. शाळेच्या व्याकरणानुसार दोन्ही अशुद्ध. परंतु पहिल्याचा अर्थ ‘ती काम करीत असते’ असा, तर दुसऱ्याचा ‘ती आत्ता काम करीत आहे’ असा आहे. मराठीत ‘असते’ व ‘आहे’ यांनी दाखविला जाणारा हा भेद ती बोली क्रियापदाच्या रूपाने नियमितपणे दाखविते. विल्यम लबॉव्ह यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून या बोलीचे नियमबद्ध स्वरूप सिद्ध झाले. स्पॅनिश भाषकाने ‘आय हॅव ट्वेंटी यिअर्स’ असे लिहिले तर वय सांगण्याची त्याच्या भाषेतील रीतच तो इंग्रजीत उतरवीत असतो. चिनी भाषेत काळानुसार क्रियापद बदलत नाही. म्हणून चिनी भाषकाच्या इंग्रजीत भूतकाळाचा प्रत्यय गळतो. मराठीत उपपद नसल्यामुळे मराठी भाषकाच्या इंग्रजीत ‘द’ नको तेथे येतो व हवा तेथे येत नाही. या सर्वांमागे नियम आहे. तो परीक्षेला अपेक्षित असलेला नियम नव्हे, इतकेच.

या दिशेने सर्वांत चिकाटीचे काम मिना शॉनेसी यांनी केले. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने १९७० साली आपली द्वारे सर्व हायस्कूल-उत्तीर्णांना खुली केली. त्या विद्यापीठातील सिटी कॉलेज हे चार वर्षांच्या पदवीचे महाविद्यालय होय. तथापि तेथेही हाच प्रश्न उभा राहिला. सत्रारंभी नवागतांनी लिहिलेले सुमारे चार हजार निबंध तपासून शॉनेसी यांनी १९७७ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचे प्रतिपादन असे की, या लेखनातील चुका हे आळसाचे वा मंदबुद्धीचे चिन्ह नसून शिकण्याच्या अवस्थेचे चिन्ह आहे, आणि त्या चुकांत सुसंगती आहे. ज्या कागदांकडे इतर केवळ विद्यार्थ्यास वेगळे काढण्यासाठी पाहत, त्यांच्याकडे शॉनेसी यांनी त्याला शिकविण्यासाठी पाहिले.

४

पूर्वतयारीच्या वर्गांमागील हेतू चांगला होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. कच्चे असेल ते आधी पक्के करावे आणि मग पुढे जावे, हे कोणालाही पटेल. परंतु त्याचे गणित वेगळेच निघाले. समजा, १०० विद्यार्थ्यांस तीन पायऱ्या खालच्या वर्गात बसविले. पहिला वर्ग उत्तीर्ण होणे, दुसऱ्यात नाव घालणे, तो उत्तीर्ण होणे, अशा क्रमाने पदवीच्या इंग्रजी वर्गात उत्तीर्ण होईपर्यंत सात टप्पे पडतात. प्रत्येक टप्प्यावर शंभरांत ८० जण टिकले, असे मानू. हे प्रमाण कोणीही वाईट म्हणणार नाही. तरीही सातव्या टप्प्याअखेर केवळ २१ उरतात. शिक्षक मन लावून शिकवितात, बहुतेक विद्यार्थी उत्तीर्णही होतात. आणि तरी चार-पंचमांश विद्यार्थी वाटेत गळालेले असतात.

प्रत्यक्ष संशोधनाने हेच दाखविले. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील थॉमस बेली व त्यांचे सहकारी यांच्या २०१० सालच्या अभ्यासानुसार, पूर्वतयारीस पाठविलेल्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून कमी जणांनी सर्व पायऱ्या पूर्ण केल्या, आणि सुमारे ३० टक्क्यांनी त्या वर्गात पाऊलच ठेवले नाही. वर्गात पाऊल न ठेवणाऱ्यांना नापास कसे म्हणता येईल? पुढे २०१२ साली जूडिथ स्कॉट-क्लेटन, पीटर क्रॉस्टा व क्लाइव्ह बेलफील्ड यांनी असे दाखवून दिले की, इंग्रजीच्या परीक्षेस बसणाऱ्या सुमारे तिघांपैकी एकाची वर्गनिश्चिती गंभीररीत्या चुकत होती. त्यातही वरच्या वर्गात जाण्यास योग्य असणाऱ्यास खाली बसविण्याची चूक अधिक होती. हायस्कूलमधील चार वर्षांचे गुण अधिक विश्वासार्ह ठरत होते. चार वर्षांच्या कामापुढे एका दुपारची परीक्षा लंगडी पडावी, यात नवल नाही.

या घटनेची सामाजिक बाजू समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० सालीच ओळखली होती. सान होझे येथील ज्यूनियर कॉलेजाच्या अभ्यासावरून त्यांनी मांडले की, सर्वांना आत घेणारी संस्था पुढे विद्यार्थ्यांच्या आकांक्षा हळूहळू थंड करण्याचे काम करते. आणि त्या क्रियेची पहिली पायरी म्हणजे आरंभीची परीक्षा. कोणी कोणास ‘जा’ म्हणत नाही. विद्यार्थी स्वतःच ‘हे आपले काम नव्हे’ अशा निष्कर्षास येतो.

५

या अनुभवातून व्यवस्था बदलू लागली. मेरीलँडमधील बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात पीटर ॲडम्स यांनी २००७ साली एक प्रयोग सुरू केला. परीक्षेत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी सरळ पदवीच्या इंग्रजी वर्गात इतरांबरोबर बसविले, आणि तोच शिक्षक त्यांचा एक जादा तास लगेच पुढे घेऊ लागला. साहाय्य वर्गाच्या आधी न देता वर्गाबरोबर द्यावयाचे, ही कल्पना पुढे देशभर पसरली. फ्लॉरिडाने २०१३ साली कायदा करून तेथील सार्वजनिक हायस्कुलांतून अलीकडे उत्तीर्ण झालेल्या बहुतेक विद्यार्थ्यांना पूर्वतयारीचे वर्ग ऐच्छिक केले. कंपास परीक्षा २०१६ साली बंद झाली. कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायद्याने असे बंधन घातले की, विद्यार्थ्यास पदवीस गणला जाणारा इंग्रजीचा वर्ग एका वर्षात पूर्ण करण्याची अधिकाधिक शक्यता मिळावी, व वर्गनिश्चिती हायस्कूलच्या कामगिरीवरून व्हावी. इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी ही मुदत तीन वर्षांची ठेवण्यात आली. २०१९ च्या शरद सत्रापासून तेथील कॉलेजांस त्याप्रमाणे वागणे भाग पडले.

परिणाम संमिश्र आहेत, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. एका वर्षात तो वर्ग पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ठळकपणे वाढले. त्याचबरोबर थेट वर्गात बसून अनुत्तीर्ण होणाऱ्यांची संख्याही वाढली. अनेक वर्षांनी शिक्षणाकडे परतलेल्या प्रौढांना सावकाश चालणाऱ्या वर्गाची गरज असते, असा काही शिक्षकांचा आक्षेप आहे, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. जादा तास हा खर्चाचाही प्रश्न आहे. तो तास न देता केवळ परीक्षा काढून टाकली, तर ते विद्यार्थ्यास वाऱ्यावर सोडणेच होईल. तथापि जुन्या पद्धतीतील अपयश विद्यार्थी वर्गात पोहोचण्यापूर्वीच घडत असल्याने कोणाच्या नोंदीत येत नसे. नव्या पद्धतीतील अपयश शिक्षकाच्या डोळ्यांदेखत घडते, म्हणून त्यावर उपाय योजता येतो.

६

यावरून प्रमाणभाषा शिकवू नये असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. विद्यार्थी कॉलेजात येतो तो तीच शिकण्यासाठी, आणि ती न शिकविणे हा त्याच्यावर अन्यायच होय. प्रश्न आहे तो क्रमाचा. प्रमाणभाषा ही शिक्षणाची फलश्रुती मानावयाची की शिक्षणाची पूर्वअट? खुल्या द्वाराचे तत्त्व स्वीकारणाऱ्या संस्थेने ती पूर्वअट मानली की, द्वाराच्या आत दुसरे दार उभे राहते.

हा प्रश्न मराठी शिक्षकास परका नाही. ‘पाणी’ ऐवजी ‘पानी’ आणि ‘आणि’ ऐवजी ‘आनी’ म्हणणारा विद्यार्थी महाराष्ट्रातील कोणत्याही महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात भेटतो. त्याच्या बोलीत ‘न’ व ‘ण’ हा भेदच नाही. म्हणून लिहिताना तो दोहोंची गल्लत करतो. हे कारण ठाऊक असलेला शिक्षक त्याला आठ दिवसांत नेमकी मदत करू शकतो. ठाऊक नसलेला त्याला वर्षभर अशुद्ध ठरवीत राहतो. सत्राच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांकडून एक पानभर मजकूर लिहून घ्यावा, ही प्रथा म्हणूनच टाकाऊ नव्हे. ते पान वाचून विद्यार्थ्याने कोठे बसावे हे ठरवावयाचे नसून, शिक्षकाने उद्या काय शिकवावे हे ठरवावयाचे असते.