ऊन, सुई आणि मज्जातंतू

बंगळूरच्या चिकपेटेत भर दुपारी शिरले, तरी अंगावर ऊन पडेलच असे नाही. गल्ल्या अरुंद, दुकाने एकमेकांना खेटलेली आणि त्यांवर कापडी छपरे. हे गाव १६३८ साली विजापूरकरांच्या हाती आले व पुढे शहाजीराजांची जहागीर झाले. या जुन्या पेटेच्या परिसरात मराठी बोलणारी भावसार व नामदेव शिंपी मंडळी आजही भेटतात. नोकरीनिमित्त बंगळुरास आलो, तेव्हापासून माझे कपडे अशाच एका वृद्ध मास्तरांकडे शिवले जातात.

गेल्या वर्षी मास्तरांच्या हातून सुई गळू लागली. बोटांना मुंग्या येत, तळपाय बधिर होत. 'साहेब, सुई बोटात आहे की नाही, हे आता डोळ्यांनी पाहावे लागते,' असे ते म्हणाले. शिंप्याला हे सांगताना काय वाटत असेल, याची आपण कल्पना करू शकता. उन्हाअभावी 'ड' जीवनसत्त्व कमी झाले, असे कोणीतरी सांगितल्यावरून ते त्याच्या गोळ्या आपल्याच मनाने घेत होते. हा तर्क कितपत खरा होता?

'ड' जीवनसत्त्व प्रामुख्याने आपली त्वचाच तयार करते. सूर्याचे अतिनील किरण त्वचेवर पडले, की तेथील एका स्निग्ध द्रव्याचे त्यात रूपांतर होते. पुढे यकृतात आणि नंतर मूत्रपिंडात त्यावर संस्कार होऊन ते कार्यक्षम बनते. बंगळूर १३ अंश उत्तर अक्षांशावर वसलेले. तेथे उन्हाला बाराही महिने तोटा नाही. परंतु हे किरण साध्या काचेतून फारसे आत येत नाहीत आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते अत्यल्प असतात. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असते, तेव्हाचे ऊन खरे उपयोगी. नेमक्या त्याच वेळी दुकानदार, शिंपी आणि माझ्यासारखे कचेरीतले लोक छपराखाली असतात.

आता मज्जातंतूंशी याचा संबंध काय? 'ड' जीवनसत्त्वामुळे अन्नातील कॅल्शियम आतड्यांतून रक्तात शोषले जाते. हाडांना कॅल्शियम लागते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण मज्जातंतूंच्या दारावरचा तो द्वारपालही आहे. रक्तातील कॅल्शियम फार घटले, की मज्जातंतू कारणावाचून उद्दीपित होतात. मग ओठांभोवती व बोटांना मुंग्या येतात, स्नायूंत गोळे येतात. मुडदूस झालेल्या तान्ह्या मुलांस कधी आकडीही येते. एवढी गोष्ट पूर्णपणे सिद्ध झालेली आहे.

याखेरीज, मज्जातंतूंच्या पेशींत आणि त्यांवर आवरण चढविणाऱ्या पेशींतही या जीवनसत्त्वाचा संदेश ग्रहण करणारी द्रव्ये आढळली आहेत. दुखावलेल्या मज्जातंतूच्या दुरुस्तीस त्याची मदत होते, असे उंदरांवरील काही प्रयोगांत दिसले. मधुमेहाने ज्यांचे मज्जातंतू बिघडले आहेत, अशा रुग्णांत 'ड' जीवनसत्त्व पुष्कळदा कमी आढळते. तथापि दोन गोष्टी एकत्र आढळल्या, म्हणजे एक दुसरीचे कारण ठरतेच असे नाही. आजारी मनुष्य घराबाहेर कमी पडतो आणि त्यामुळेही त्याला ऊन कमी मिळते.

अखेर मास्तरांना मी आग्रहाने डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले, तेव्हा 'ड' जीवनसत्त्व कमी निघाले खरे. पण मुख्य दोषी निराळाच होता. मज्जातंतूंचे आवरण सुस्थितीत ठेवणारे 'ब-१२' जीवनसत्त्व फारच घटले होते. ते वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसतेच. आणि मास्तर शाकाहारी, दूधही वर्ज्य. 'ब-१२'ची इंजेक्शने सुरू झाली. काही महिन्यांत बोटे सुधारली, सुई पुन्हा हातात ठरू लागली. तळपायांचा बधिरपणा मात्र पुरता गेला नाही. गोळ्यांच्या भरवशावर जे महिने निघून गेले, त्यांची ही किंमत.

मुंग्या येण्यामागे मधुमेह असू शकतो, मनगटात दबलेला मज्जातंतू असू शकतो, मद्यपानही असू शकते. म्हणून आधी तपासणी, मग औषध. आपल्याकडे प्रौढांसाठी 'ड' जीवनसत्त्वाची दैनिक शिफारस ६०० आंतरराष्ट्रीय एककांची आहे. ते शरीरातील चरबीत साठते. अतिरेक झाला, तर रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, भ्रम आणि मूत्रपिंडाचे विकार उद्भवतात. उन्हाने मात्र असा अतिरेक होत नाही, कारण त्वचा स्वतःच त्याला मर्यादा घालते.

हल्ली मास्तर दुपारचे जेवण झाले, की गच्चीवर हातपाय उघडे टाकून थोडा वेळ बसतात. ऊन हाडांसाठी आणि इंजेक्शन बोटांसाठी, असा हिशेब त्यांनी मनाशी मांडला आहे. शास्त्रदृष्ट्या तो अगदी काटेकोर नसेल; परंतु ज्याचे काम त्याला सोपवावे, हे मर्म त्यांना नेमके उमगले आहे.